सगळ्यात पुढचं दल

संस्थानाच्या फौजेत भरती चालू होती. नव्या गड्याला बक्षी रंगराव एकच प्रश्न विचारायचे, "लढाईत सगळ्यात पुढं कोणतं दल असतं?" उत्तर बरोबर आलं तर त्या दलात जागा, चुकलं तर हत्तींची लीद उचलायची. फौजेत दलं तीनच, पण गडी घोडदळ म्हणो, पायदळ म्हणो की तोफखाना, बक्षी "चूक!" म्हणायचे. हत्ती तीन होते, लीद उचलणारे साठ झाले होते.

धुळाप्पाची पाळी आली. त्याला पहिल्या फळीतच लढायचं होतं. त्यानं विचारलं, "साहेब, आपले चिरंजीव कुठल्या दलात?"

"घोडदळात!" बक्षींनी मिशीला पीळ दिला.

"आणि जावईबापू?"

"तोफखान्यात!"

"मग पुढं पायदळच असणार. चूक असेल तर सांगा, म्हणजे आपल्याच घरचं कुणीतरी सगळ्यात पुढं आहे असं गावभर सांगतो."

बक्षी "चूक" म्हणणार, एवढ्यात मागं उभे असलेले चिरंजीवच ओरडले, "बरोबर आहे, आबासाहेब! अगदी बरोबर!"

धुळाप्पाच्या हाती पायदळाचा भाला आला. त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. चिरंजीवांनी सोडलेला त्याहून मोठा होता.