नव्याला शेजारी बसवा

आटपाट नगराच्या जरा अलीकडे एक गाव होतं. तिथे नरहरी नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. देवळाच्या कचेरीतला संगणक तो सांभाळायचा. नवऱ्याला थोडी अक्कल यावी म्हणून बायकोने, सुगंधाने, सोमवार धरले होते. आता उद्यापन आलं होतं. ते तेवढं निर्विघ्न पार पडावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं.

एके सकाळी ती म्हणाली, "अहो, नवा माठ आणलाय. आधी जुना बाहेर काढा, मग नवा ठेवा."

"बरं." नरहरीने धडा पक्का केला.

कचेरीत पोचतो तर सुगंधाच्या भावाचा, शेखरचा, फोन.

"दाजी, पंचांगाच्या प्रोग्रामला नवं पायथन लागतंय. आपल्या लिनक्सवर टाका बरं."

पायथन म्हणजे संगणकाला कळणारी एक भाषा, आणि लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. नरहरीने आधी जुनं पायथन काढून टाकलं. पडदा काळा! काही उघडेना. त्याने परत शेखरला फोन लावला.

"दाजी, काय केलंत! त्या जुन्यावर सगळा संसार चालतो. जुन्याला काढायचं नाही, नव्याला शेजारी बसवायचं. आणि नव्याला आकडा लावून हाक मारायची, पायथन तीन पॉइंट बारा. नुसतं पायथन म्हटलं की जुनंच ओ देतं."

"बरं." नरहरीने धडा पक्का केला. संगणक मग शेखरने येऊन कसाबसा मार्गी लावला.

उद्यापनाचा दिवस उजाडला.

"अहो, शिळी फुलं काढून ताजी वाहा."

काढतोय कशाला? ताजी शेजारी वाहिली. फुलांत देव दिसेना.

"अहो, विजार काढून सोवळं नेसा."

एका पायात विजार, दुसऱ्या पायाला सोवळं.

सुगंधाने कपाळाला हात लावला. "धड नेसा आधी! आणि आपल्या गुरुजींना ताप आलाय, तर तळ्याकाठच्या नव्या गुरुजींना घेऊन या."

नरहरी आला. पुढे नवे गुरुजी. मागे चौघांनी उचललेली खाट, तिच्यावर गोधडीसकट जुने गुरुजी. खाट पाटाला खेटून ठेवली.

"गुरुजी, करा सुरू," सुगंधा रडवेली होऊन म्हणाली.

"ओ!" गोधडीतून आवाज आला.

"अगं, आकडा लाव," नरहरी कुजबुजला. "गुरुजी तीन पॉइंट बारा!"

घरभर हशा. सुगंधाचा बांध फुटला. "देवा, पुढच्या जन्मी तरी दुसरा नवरा दे!"

"पुढचा जन्म कशाला? आत्ताच आण की," नरहरी समजुतीने म्हणाला. "मला मात्र काढू नकोस, त्याला शेजारी बसव. आणि आकडा लाव हं. नुसतं 'अहो' म्हटलंस, तर ओ मीच देणार."

रडता रडता सुगंधाला हसू फुटलं. तिने डोळे पुसले, शेजारचा पाट सरळ केला.

"अहो," ती म्हणाली. नुसतंच.

"ओ!" नरहरी म्हणाला, आणि पूजेला बसला.