म्हशीची कविता

एकदा एका वृद्ध कवीने भर सभेत आपली सर्वांत वाईट कविता वाचली, आणि तीही जाणूनबुजून.

त्यांच्या गावी वाचनालयाच्या अंगणात दर पौर्णिमेला संध्याकाळी खुली काव्यसभा भरे. आमंत्रण नाही, मानधन नाही. ज्याला स्वतःच्या कविता वाचायच्या असतील त्याने नाव सांगावे आणि उभे राहावे. साहजिकच श्रोते थोडे आणि कवी फार! तरी या वृद्ध कवींचे नाव पुकारले की चहाला गेलेलेही परत येऊन बसत.

त्या पौर्णिमेला राजधानीतून एक विद्वान समीक्षक आले होते. एका मोठ्या संग्रहासाठी ते गावोगावच्या उत्तम कविता निवडत होते. कवींच्या शिष्याला कोण आनंद झाला! गुरूंनी जन्मभर लिहिले, पण वेशीबाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हते. नदीवरची त्यांची नवी दीर्घ कविता आज योग्य कानांवर पडणार होती. शिष्याने ती सुवाच्य अक्षरात उतरवून आणली होती.

गुरू उठले. त्यांनी समोर बसलेल्यांवरून एकवार नजर फिरवली, कागद शिष्याच्या हाती परत दिला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली,

"आमुची म्हैस काळी, शिंगे तिची वाकडी;
तिच्या वियोगे झाली देहकाठी लाकडी!"

पुढेही तोच प्रकार. म्हैस रवंथ करी आणि कवी अश्रू ढाळी. सभेत हशा पिकला. गुरूंना ही लहर अधूनमधून येते हे शिष्याला ठाऊक होते, पण आज? समीक्षकांनी घड्याळ पाहिले आणि काढता पाय घेतला. धरणीने पोटात घ्यावे, असे शिष्याला झाले.

त्यानंतर एका बाईंचे नाव होते. त्या प्रथमच आल्या होत्या. हसू ओसरायच्या आत त्या हसतच उभ्या राहिल्या आणि त्यांनी कविता वाचली. कामावरून घरी येताना कोपऱ्यावरून शीळ घालणाऱ्या, आता हयात नसलेल्या नवऱ्याची ती कविता होती. ती संपेपर्यंत चहाला कुणीही उठले नाही.

घरी परतताना शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, असं का केलंत? तो माणूस पुन्हा यायचा नाही."

"नाही यायचा," गुरू म्हणाले. "मलाही वाईट वाटलं रे. नदी माझीही लाडकी आहे."

थोडे चालून गेल्यावर ते पुन्हा बोलू लागले. "सोळा वर्षांचा होतो. शिकायला इथे येऊन राहिलो होतो. घराची फार आठवण यायची, म्हणून ही म्हशीची कविता लिहिली आणि याच अंगणात घेऊन आलो. माझ्याआधी एक थोर कवी वाचून गेले. काय ती शब्दकळा! त्यांच्यापुढे माझी म्हैस कोण ऐकणार? नाव पुकारलं, तेव्हा मी मागच्या दाराने पसार झालो होतो. सुटीत घरी गेलो तर आई धार काढत होती. तिने विचारलं, 'वाचलीस का रे आपल्या म्हशीची कविता?' म्हटलं, 'पुढच्या वेळी वाचतो.' दर सुटीत ती विचारायची, आणि माझं उत्तर तेच. शेवटी धीर करून वाचली, तेव्हा विचारणारी राहिली नव्हती."

शिष्याने नदीच्या कवितेचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

"आज त्या बाई सारख्या दाराकडे पाहत होत्या. मी नदी वाचली असती, तर त्या उठून गेल्या असत्या. थोर कवितेनंतर उभं राहणं कठीण, बाळा. म्हशीनंतर कुणालाही उभं राहता येतं."

शिष्य थबकला. त्याला स्वतःची पहिली सभा आठवली. "गुरुजी, म्हणजे माझ्या वेळीसुद्धा...?"

"तुझ्या वेळी तर मला ती दोनदा म्हणावी लागली," गुरू म्हणाले.

आज गुरू नाहीत. सभा मात्र अजून भरते, आणि शिष्याच्या कवितांना आता दूरदूरचे लोक येतात. पण अंगणात कुणी नवखे, दाराकडे पाहत बसलेले दिसले की तो हातातला कागद खाली ठेवतो आणि आपली पहिलीवहिली कविता म्हणतो. ती शेजारच्यांच्या बोकडावर आहे. लोक पोट धरून हसतात, आणि मग पुढचे नाव पुकारले जाते.