मोहर खुडणारा हात

झाडं माणसांवर रुसून बसत, त्या काळातली ही गोष्ट. अनसूयाबाईंच्या परसात केसर आणि पायरी अशी आंब्याची दोन कोवळी कलमं शेजारी शेजारी वाढत होती. दुसऱ्याच वर्षी दोघांना मोहर आला. बाईंनी केसरचा सगळा मोहर खुडून टाकला. पायरीने मात्र एक तुरा पानांआड लपवला.

"या बाईच्या हाताला दयामाया नाही," केसर फणफणलं.

पायरीला तीन आंबे धरले. घरच्यांनी ते चाखून वाखाणले, तसं केसर आणखीच रुसलं. पण सगळा जीव फळांत ओतल्यामुळे पायरीची मुळं खोल गेलीच नव्हती. पाऊस यायच्या आत ती वाळली.

पुढच्या वर्षी बाई पुन्हा मोहर खुडायला आल्या, तेव्हा केसरने आपणहून फांदी पुढे केली. चौथ्या वर्षी त्यांनी मोहर ठेवला आणि भरल्या फांदीला टेकू दिला. पहिला आंबा चाखताना त्यांचे डोळे आपोआप मिटले.

मग पायरीच्या जागी नवं कलम आलं. मोहर खुडला गेल्यावर तेही चिडून म्हणालं, "किती निर्दय हात आहे हा."

"माझंही हेच म्हणणं होतं," केसर म्हणालं. "आता दरवर्षी पहिला आंबा त्याच हातात पडावा, एवढंच वाटतं."