पाच ताऱ्यांचं कोरडं पिल्लू

एका जंगलात तळ्याकाठी एक बदकीण राहत असे, आणि तिला आपल्या एकुलत्या एका पिल्लाला पोहायच्या शाळेत घालायचं होतं. हसलात ना? बदकाचं पिल्लू आणि पोहायच्या शाळेत! हसा, हसा. तुम्ही घरात दिवसभर मराठीत भांडता, तरी शाळेत मराठीचा तास असतोच की नाही? तर ही बदकीण एवढी हौशी, की अंडं फुटल्यापासून तिनं पिल्लाच्या पायाला पाणी लागू दिलं नव्हतं. "आधी चांगली शाळा मिळू दे. घरची वेडीवाकडी सवय नको," असं ती सगळ्यांना सांगे. वेळ मात्र थोडाच होता. उन्हाळ्यात तळं आटलं की सगळी बदकं नदी ओलांडून पलीकडच्या दलदलीत जायची. ज्याला पोहता येत नसे ते अलीकडे राहायचं, आणि अलीकडे कोल्हाही राहायचा.

तळ्यावर शाळा दोन. एक बगळ्याची, दुसरी पाणमांजराची. कुठली चांगली हे ठरवायला जंगलानं घुबडाला नेमलं होतं. घुबड विद्वान, पण त्याला दिवसा नीट दिसत नाही, आणि तपासणी दिवसाच करायची असा नियम. नियम कुणी केला, मला विचारू नका. म्हणून घुबड डोळे मिटून यायचं आणि पोरांच्या अंगावरून पंख फिरवून बघायचं. पाणमांजराची पोरं ओलीचिंब. "अरेरे, काय हा गबाळेपणा! अर्धा तारा." बगळ्याची पोरं कोरडी ठणठणीत, भांग पाडलेली. "वा! आणि यंदा बुडाले किती जण?" बगळा एका पायावर उभा राहून नम्रपणे म्हणाला, "एकही नाही, साहेब. आमच्याकडे कुणी पाण्यात उतरतच नाही." घुबडानं खूश होऊन पाच तारे दिले.

बदकिणीनं अर्थातच पाच तारे निवडले. पिल्लाच्या गळ्यात पळसाच्या पानाचा बिल्ला आला, त्यावर पाच तारे कोरलेले. शेजारणी बघायला आल्या. एका संध्याकाळी तिनं सहज विचारलं, "आज काय शिकलास रे?"

"स्वागतगीत," पिल्लू म्हणालं. "आणि पाणी म्हणजे काय ते. पाणी हे पोहण्याचे माध्यम आहे."

"आणि पाय कसे मारायचे?"

"ते पुढच्या वर्गात. पण त्याचा तक्ता भिंतीवर लावलाय, आई. फार सुंदर आहे."

बदकीण गोंधळली. ती बगळ्याकडे गेली. "गुरुजी, रागावू नका, पण तुम्ही स्वतः एकदा पोहून दाखवाल का?"

"मी?" बगळा दचकला. "अहो बाई, मी मुख्याध्यापक आहे!"

मग ती पिल्लाला घेऊन तडक पाणमांजराच्या शाळेत गेली. अर्धा तारा तर अर्धा, पण तिथली पोरं ओली असतात एवढं तिला ठाऊक होतं. जाऊन बघते तर काय, सगळी पोरं खडकावर उताणी, उन्हात वाळत पडलेली! पाणमांजर एकेकाची शेपटी पुसत होतं.

"अहो मास्तर, हे काय? पोहणं कधी?"

"शूऽऽ! पुढल्या आठवड्यात घुबडसाहेब परत येणार आहेत. महिनाभर एकालाही पाण्यात सोडलेलं नाही. यंदा चार तारे तरी घ्यायचेच, ताई. अर्ध्या ताऱ्यावर पोरं कोण पाठवतं? तुम्ही पाठवलंत?"

चांगली शाळा वाईट निघाली, वाईट ठरवलेली शाळा चांगली ठरायला बघताना खरंच वाईट झाली, मग आता चांगली कुठली? बदकिणीचं डोकं गरगरलं. सांगताना माझंही गरगरतंय, आणि गोष्ट तर मीच रचली आहे.

तेवढ्यात तळं आटलं. बदकं नदीत उतरली, भराभर पलीकडे निघाली. काठावर उरली बदकीण आणि तिचं बिल्लेवालं पिल्लू. झुडपातून कोल्हा आला, छान बसला आणि बिल्ला वाचू लागला.

"पाच तारे! अरे वा!"

"हो," पिल्लाला पंखाखाली ओढत बदकीण म्हणाली. "पहिल्या क्रमांकाची शाळा आहे त्याची."

"असू दे हो, बाई. मी क्रमांक बघत नाही. मला सगळ्याच शाळांची पोरं आवडतात," असं म्हणून कोल्हा उठला.

बदकिणीनं पुढे विचार केला नाही. तिनं चोचीनं पिल्लाला जो धक्का दिला, तो थेट पाण्यात, आणि मागोमाग स्वतः उडी घेतली. पिल्लू बुडालं. बिल्ला मात्र झकास तरंगला. "आई, माध्यम नाकात जातंय!" पिल्लू वर येऊन ओरडलं. "पाय मार मेल्या, पाय! माझ्याकडे बघ, असे!" बदकीण पुढे, पिल्लू मागे, गटांगळी, शिंक, पुन्हा गटांगळी. मध्यावर आल्यावर मात्र पिल्लू ओरडायचं विसरलं, कारण ते पोहत होतं. कोल्हा काठावर बसून पानाचा बिल्ला लांब जाताना बघत राहिला.

पलीकडच्या झाडावर घुबड डुलक्या घेत होतं. खाली चाहूल लागली तसं ते उतरलं, डोळे मिटून पिल्लाच्या अंगावरून पंख फिरवला आणि ओरडलं, "शी! चिंब ओलं! कुठल्या शाळेचं हे? एकही तारा मिळणार नाही!"

"नाही तर नाही, साहेब," पिल्लाची पिसं चोचीनं सारखी करत बदकीण म्हणाली. "पण ते नदी ओलांडून आलंय."

तात्पर्य : तारे सांगतात की तपासणीच्या दिवशी शाळा कशी दिसली, बाकीच्या दिवसांचं विचारायचं असेल, तर पोराला विचारा, "आज काय शिकलास?" आणि पोरांनो, कुणी तुम्हाला तसं विचारलं, तर भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवू नका.