खडीसाखरेचा डबा

“सांगा पाहू आबा, रोगी बोलायला लागला की डॉक्टर त्याचं बोलणं किती सेकंदांत तोडतो?”

“मला वाटतं...”

“एकोणीस!” निनाद सबनीस म्हणाला. “चारशे बारा संभाषणं ध्वनिमुद्रित केलीत मी.”

आबांनी त्याच्या हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं.

“आणि माझं उत्तर कितव्या सेकंदाला तोडलंत?”

निनाद ओशाळला. फार नाही. प्रबंध पूर्ण झालेला माणूस फार ओशाळत नाही.

निनादही डॉक्टर, पण सुई टोचणाऱ्यांतला नव्हे. डॉक्टर आणि रोगी एकमेकांशी कसे बोलतात, यावर पुण्यात सात वर्षं संशोधन करून त्यानं ती पदवी मिळवली होती. आबा काटकर मात्र औषधपाण्याचे डॉक्टर. माणदेशातल्या एका आडगावात, पत्र्याच्या दोन खोल्यांत, चाळीस वर्षं त्यांचा दवाखाना.

त्यांच्याबद्दल लोक काय वाट्टेल ते सांगतात. एकदा म्हणे एका पैलवानासमोर ते इतका वेळ गप्प बसले, की टेबलाखाली कोंबडी अंड्यांवर बसली आणि पैलवानानं तोंड उघडायच्या आत पिल्लं बाहेर पडली. पिल्लं कुणी मोजली नाहीत. पण त्यातल्या एकीची खापरपणती अजून दवाखान्याच्या दारात दाणे टिपते, ही गोष्ट खरी.

आणखी एक खरी गोष्ट. आबांचे रोगी औषध चुकवत नाहीत.

ते कसं, हे निनादला हवं होतं. पुढच्या पुस्तकासाठी, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. पत्रात न लिहिलेलं कारण घरी बसलं होतं. त्याचे वडील, अण्णा. साखर साडेतीनशेवर, पायाचा अंगठा चिघळलेला, आणि इन्सुलिनला ठाम नकार. सर्जननं सोमवारपर्यंत मुदत दिली होती. साखर उतरली तर ठीक, नाहीतर अंगठा काढायचा.

आज शुक्रवार होता.

दारातून गजराबाई आत आल्या. साठीच्या, पोटावर हात धरलेल्या.

“हे पुण्याचे पाहुणे,” आबा म्हणाले. “बसले तर चालेल?”

“बसू द्या की. मधीमधी बोलू नगा म्हणावं.”

आबांनी पोट तपासलं. कधीपासून दुखतं, जेवण कसं जातं, विचारलं. चिठ्ठी लिहिली. सगळं अगदी चारचौघा डॉक्टरांसारखं. निनादच्या वहीत नवीन काहीच पडेना.

मग आबांनी पेन मिटलं.

“अजून काही, गजराबाई?”

“न्हाई.”

आबांनी टेबलावरचा पितळी डबा उघडला. त्यातला खडीसाखरेचा बोराएवढा खडा उचलून स्वतःच्याच तोंडात टाकला. आणि बसले.

...

स्टॉपवॉच पळत होतं. वीस सेकंद. चाळीस. कोंबडी आत येऊन सगळ्यांकडे एकदा बघून गेली. निनादच्या जिभेला मुंग्या आल्या. बाईंना उठायला सांगावं, निदान पाणी तरी विचारावं, असं त्याला झालं. आबा खडा या गालातून त्या गालात फिरवत होते. चावत नव्हते.

...

“माझी आय,” गजराबाई एकदम म्हणाल्या, “अशीच पोट धरून गेली. गाठ हुती तिला. मला त्येच झालंय न्हवं?”

आबा खुर्चीतून उठले. पोट पुन्हा तपासलं, या वेळी सावकाश. “हाताला गाठ लागत नाही. पण नुसत्या हातावर भरवसा नको. मंगळवारी साताऱ्याला सोनोग्राफी करू. मी येतो बरोबर.”

“मग ह्या गोळ्या घिऊ?”

“आता घ्या.”

“आता घेते,” बाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत, आल्या त्यापेक्षा ताठ होऊन गेल्या.

निनाद डब्याकडे बघत राहिला. “मला वाटलं, खडीसाखर रोग्यांसाठी असेल.”

“रोग्याला कशाला? त्याला कुठं मधे बोलायची खोड असते?”

“पण आबा, माझे वडील...” आणि मग निनादनं सगळं ओतलं. “सतरा वेळा समजावलं त्यांना. तीन आलेख रंगीत छापून दिले. इन्सुलिन कसं भरायचं, त्याची चित्रं दिली.”

“ते काय म्हणतात?”

“काय म्हणणार? हट्टी आहेत.”

“हे तुम्ही म्हणता. ते काय म्हणतात?”

...

निनादनं वही चाळली. वहीत ते नव्हतं.

आबांनी डबा त्याच्यापुढे सरकवला. “लावा फोन. एक प्रश्न विचारायचा. चावायचं नाही.”

निनादनं फोन लावला.

“अण्णा, इन्सुलिन का नको वाटतं तुम्हाला?”

“झालं का तुझं सुरू!”

निनादच्या ओठांवर अठरावं व्याख्यान तयार होतं. त्यानं तोंडात खडा टाकला.

...

पलीकडे भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. अण्णांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. निनादच्या हातातलं स्टॉपवॉचही त्यांनीच नीट करून दिलेलं.

“हॅलो? ...आहेस ना?”

“हं.”

...

खडा निम्मा झाला. निनादला दाढेनं तो फोडावासा वाटला. फोडला नाही.

...

“निनाद,” अण्णांचा आवाज बारीक झाला होता. “त्या सिरिंजवरच्या रेघा... मला दिसत नाहीत रे. वर्ष झालं. तुझे ते आलेखही मी नुसतेच हातात धरत होतो. भिंगाशिवाय केसाएवढी स्प्रिंग पकडणारा माणूस मी. कुणाला सांगू, की मला आता दिसत नाही? चुकून जास्त टोचलं तर?”

निनादनं वही मिटली. “अण्णा, मी आज घरी येतो. मी भरून देईन.”

“येतोस?” पलीकडे मोठा श्वास सुटला. “मग आज संध्याकाळपासून घेऊ.”

“नक्की. आणि डोळ्यांचं म्हणाल तर अण्णा, हल्ली त्यावर तीन प्रकारचे...”

आबांनी डब्याचं झाकण उघडलं.

“दुसरा घ्या,” ते हळूच म्हणाले. “डबा भरलेला आहे.”