टोकूच्या रांगेतली शेवटची जागा

"गाडी का थांबली नाही?"

टोकूनं आईला विचारलं. आईनं त्याचा कान चाटला.
टोकूनं छबूला विचारलं. छबू माती उकरत बसला.
टोकूनं बाबीला विचारलं. बाबी रडायलाच लागली.


टोकू म्हणजे चिचुंद्रीचं पिल्लू. लांब लांब नाक. इटुकले डोळे. मऊ मऊ अंग.

चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, ठाऊक आहे? रांगेनं!
पुढं आई.
आईची शेपटी छबूच्या तोंडात.
छबूची शेपटी बाबीच्या तोंडात.
बाबीची शेपटी टोकूच्या तोंडात.
टोकूची शेपटी इवलीच्या तोंडात.
इवली सगळ्यांत धाकटी. म्हणून सगळ्यांत शेवटी.
तुरुतुरु, तुरुतुरु, निघाली रांग!

त्यांचं बीळ रस्त्याच्या अलीकडं. ओढा रस्त्याच्या पलीकडं. ओढ्याकाठी गुबगुबीत किडे.

एकदा रस्त्यात टोकूला किड्यांचा वास आला. टोकूला धीर कुठला? बाबीची शेपटी सोडून तो धावत सुटला.
मागून इवली म्हणाली, "दादा, हळू!"
बोलायला तिनं तोंड उघडलं. शेपटी सुटली.
गाडी आली. भर्रर्र! निघून गेली.
इवली रस्त्यातच राहिली. ती पुन्हा उठली नाही.

तेव्हापासून आई रस्ता ओलांडेना.
बिळातले किडे संपले. छबूचं पोट म्हणालं, गुर्र. बाबीचं पोट म्हणालं, गुर्र गुर्र.
टोकू ताडकन उठला.
"मी गाडीला सांगून येतो! हळू चाल म्हणतो!"
"अरे टोक्या, थांब!" आई म्हणाली.
पण टोकू गेलासुद्धा. रस्त्याच्या कडेकडेनं, तुरुतुरु, तुरुतुरु.

कडेला एक टेम्पो उभा होता. त्यात कोबीचे ढीग.
"टेम्पोदादा, टेम्पोदादा, हळू चाल ना! मग आम्ही पलीकडं जाऊ."
"पीं पीं!" टेम्पो म्हणाला. "हळू कसा चालू? माझा कोबी सुकेल. रस्ता आहे सपाट, मी पळतो सुसाट. रस्त्याला सांग उंच व्हायला. मग बघू."
घर्र घर्र... गेला!

तुरुतुरु, तुरुतुरु, टोकू रस्त्याकडं गेला.
"रस्तेबाबा, रस्तेबाबा, उंच व्हा ना!
टेम्पो हळू होत नाही.
मग आम्ही पलीकडं जायचं कसं?"
रस्ता पसरला होता आडवा. लांबच लांब, काळा काळा.
"मी झोपलेला," रस्ता म्हणाला. "झोपलेला माणूस उंच होतो का? अंगावर मुरूम टाक. मग होतो थोडा उंच."

तुरुतुरु, तुरुतुरु, टोकू मुरमाकडं गेला. मुरूम म्हणजे लाल लाल खडबडीत माती. टेकडीखाली त्याचा हा एवढा ढीग!
"मुरूमभाऊ, मुरूमभाऊ, रस्त्यावर चल ना!
रस्ता उंच होत नाही,
टेम्पो हळू होत नाही.
मग आम्ही पलीकडं जायचं कसं?"
"चल म्हणे!" मुरूम खसखस हसला. "मला पाय दिसतात का रे? चार पायांच्या गाढवाला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु, टोकू गाढवाकडं गेला.
"गाढवमामा, गाढवमामा, मुरूम वाहा ना!
मुरूम हलत नाही,
रस्ता उंच होत नाही,
टेम्पो हळू होत नाही.
मग आम्ही पलीकडं जायचं कसं?"
"ढेंचू ढेंचू! मामा कुणाला म्हणतोस रे, नाकाड्या?" गाढवानं एक पाय उचलून दाखवला. "हा बघ काटा. चार पाय आहेत खरे, पण टेकतात तीनच. कावळ्याला सांग काटा काढायला. मग चालतो."

तुरुतुरु, तुरुतुरु, टोकू बाभळीखाली गेला. वर कावळ्याचं घरटं. घरट्यात दोन पिल्लं. वारा सुटला होता, सूं सूं! घरटं हलत होतं, डुगुडुगु!
"कावळेकाका, कावळेकाका, काटा काढा ना!
गाढव चालत नाही,
मुरूम हलत नाही,
रस्ता उंच होत नाही,
टेम्पो हळू होत नाही.
मग आम्ही पलीकडं जायचं कसं?"
"काव! शी शी, केवढा हा वास!"
"आमचा असाच असतो," टोकू म्हणाला.
"असू दे बाबा. पण मी कसा येऊ? मी उठलो की घरटं उडालं. पिल्लं पडली. वाऱ्याला सांग थांबायला. मग येतो."

तुरुतुरु, तुरुतुरु, टोकू टेकडीवर गेला. पाय दुखले. नाक धुळीनं भरलं. टेकडीवर वारा गरगर फिरत होता. सूं सूं! सूं सूं!
"वाराआबा, वाराआबा, जरा थांबा ना!
कावळा उडत नाही,
गाढव चालत नाही,
मुरूम हलत नाही,
रस्ता उंच होत नाही,
टेम्पो हळू होत नाही.
मग आम्ही पलीकडं जायचं कसं?"

"मी थांबू? मी?" वारा म्हणाला. "अरे, माझ्याइतकं जोरात कुणी पळत नाही. मी कशाला थांबू?"

कशाला? हे टोकूला अजून कुणी विचारलंच नव्हतं.
टोकू खाली बसला.
"आमची इवली होती," तो म्हणाला. "ती म्हणाली, दादा, हळू. मी धावलो. तिच्या तोंडातनं माझी शेपटी सुटली. मग गाडी आली."
वारा ऐकत होता.
"आबा, गाडी का थांबली नाही?"

वारा टेकडीभोवती एकदा फिरला. हळूच फिरला.
"ते मला नाही ठाऊक, बाळा," तो म्हणाला. "पण मी थांबतो."

आणि वारा थांबला.
पान हलेना. गवत हलेना. धूळ खाली बसली.

वारा थांबला, घरटं थांबलं.
घरटं थांबलं, कावळा उडाला. फडफड फडफड!
कावळा उडाला, काटा निघाला. टक्! "ढेंचूऽऽ!"
काटा निघाला, गाढव चाललं. टपटप टपटप!
गाढव चाललं, मुरूम हलला. पाठीवर बसून डुलत डुलत आला. रस्त्यावर पडला. भसाभस भसाभस!
गाढवानं त्यावर चारी पाय आपटले. थप थप थप थप!
मुरूम पडला, रस्ता उंच झाला. काळ्या रस्त्यावर लाल लाल उंचवटा! लांबून दिसणारा!

आणि टेम्पो आला. घर्र घर्र, सुसाट!
लांबूनच त्याला उंचवटा दिसला.
घर्र... घर्र... घर्...
ढुप्! पुढची चाकं.
ढुप्! मागची चाकं.
टेम्पो हळू झाला!

पुन्हा वारा सुटला, पण अगदी मंद. कावळा घरट्यात बसला. गाढव चार पायांवर नाचलं.

तुरुतुरु, तुरुतुरु, टोकू बिळात गेला.
"आई, चल! गाड्या हळू येतात."
आई रस्त्याच्या कडेला आली. थांबली.
इकडं बघितलं. तिकडं बघितलं. पुन्हा इकडं बघितलं. कान टवकारले.
लांबून तोच टेम्पो परत येत होता. आई थांबूनच राहिली. छबू थांबला. बाबी थांबली.
आणि टोकू? टोकूलाही किड्यांचा वास आला होता. पण टोकूसुद्धा थांबला!

ढुप्! ढुप्! टेम्पो उंचवट्यावरून आला. आला, आणि एकदम उभा राहिला.
"अरेच्चा!" टेम्पो म्हणाला. "ही तर पोरं! केवढीशी आहेत!"
"आम्ही रोज इथंच असतो," छबू म्हणाला.
"पळताना मला कधी दिसलाच नाहीत रे." टेम्पोचा आवाज बारीक झाला. "आज हळू आलो, म्हणून दिसलात. जा, सावकाश जा. कोबी काय, सुकला तर सुकला."

आईनं पुन्हा इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग निघाली.
पुढं आई.
आईची शेपटी छबूच्या तोंडात.
छबूची शेपटी बाबीच्या तोंडात.
बाबीची शेपटी...
टोकूनं ती धरली नाही.
"टोक्या, रांगेत ये," आई म्हणाली.
"आई, आज मी इथनं चालतो."

तो रांगेच्या बाजूला आला. ज्या बाजूला टेम्पो उभा होता, त्या बाजूला. टेम्पो एवढा मोठा. टोकू एवढासा.
आई एक पाऊल चालली, की टोकू एक पाऊल चालला. मधेच बाबी घाबरून थांबली, तर टोकूही थांबला. बाबी निघाली, मग टोकू निघाला. धावला नाही.

आई पलीकडं पोचली. छबू पोचला. बाबीचं मागचं पाऊल गवतात गेलं.
तोवर टोकू रांगेच्या आणि टेम्पोच्या मधे उभा होता. मग सगळ्यांत शेवटी तो गवतात गेला.