तीन घरांचं खुराडं

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कोंबड्या बोलत असत आणि माणसं ऐकत नसत. यातली दुसरी गोष्ट अजून बदललेली नाही, पण ते राहू द्या.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. गावात नवं बिऱ्हाड आलं, की जवळची तीन घरं त्याला एकेक कोंबडी देत. नव्या बिऱ्हाडानं त्या सांभाळायच्या, अंडी उबवून घ्यायची आणि जत्रेच्या दिवशी तिन्ही घरांना एकेक पिल्लू नेऊन द्यायचं. पिल्लं पोचली, की ते बिऱ्हाड गावातलं झालं. मग त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येई. तोवर लांबच्या ओढ्यावरून आणायचं.

पाण्यावर असा कुणाचा हक्क असतो का, असं तुम्ही विचाराल. बरोबर विचाराल. पण त्या गावात तोवर कुणी विचारलं नव्हतं.

रीतीचा आणखी एक भाग होता. कोंबडी देणारी बाई ती कशी पाळायची तेही सांगे. तिचा शब्द मोडणं म्हणजे तिच्या घराचा अपमान.

त्या गावात सगुणा आणि तिचा नवरा राहायला आले. नवरा लाकडं तोडायचा. सगुणानं माहेरून फक्त एक कोंबडा आणला होता. अंगणात तिनं बांबूच्या कामट्यांचं खुराडं बांधलं.

पहिल्यांदा पाटलीणबाई आल्या. त्यांनी काळी कोंबडी दिली. "खुराडं चारी बाजूंनी बंद ठेव हं," त्या म्हणाल्या. "वारा लागला, की कोंबडी गेलीच म्हणून समज."

मग कुंभारीणकाकी आली. तिनं पांढरी दिली. "खुराडं मोकळं ठेव गं पोरी. वारा खेळला नाही, तर कोंबडी गुदमरते."

शेवटी गुरवाची म्हातारी आई आली. तिनं ठिपक्यांची दिली. "एका जागेवर खुराडं ठेवू नकोस, बाय. जमीन ओली होते, रोग धरते. रोज हलव."

सगुणानं तिघींच्या पाया पडून तिघींना "हो" म्हटलं. इथेच सगळा घोळ झाला.

पाटलीणबाई सकाळी शेताकडे जाताना तिच्या अंगणावरून जात. म्हणून सगुणा सकाळी खुराड्याला चारी बाजूंनी गोणपाट बांधून ठेवी. कुंभारीणकाकी दुपारी माती घेऊन परते. म्हणून दुपारी गोणपाट सोडायचं. गुरवाची आई संध्याकाळी फुलं तोडायला येई. ती दिसली, की सगुणा खुराड्याला खांदा लावून ते फरफटत पलीकडे न्यायची. कधी जांभळाखाली, कधी चुलीच्या भिंतीला, कधी थेट उकिरड्याशेजारी.

कोंबडा तर पार गोंधळला. दुपारी गोणपाट सुटून डोळ्यांवर ऊन आलं, की त्याला वाटायचं पहाट झाली. तो मान उंच करून आरवायचा आणि गावातली माणसं हातात घास धरून दचकायची.

"आज दिवस दोनदा उजाडला का गं?" पांढरी विचारी.

"दिवसाचं सोड," ठिपक्यांची म्हणे. "काल इथे घर होतं ना आपलं? मी मघापासून भिंतीत शिरायला बघतेय."

काळी तेव्हा खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. ती सगळ्यांत वैतागलेली. "मी अंडी उबवतेय, की गावाला निघालेय?" ती ओरडे. खुराडं हललं, की अंडी घरंगळत. ती घाबरून उठे. पुन्हा बसेपर्यंत अंडी गार होत.

"गप्प बसा गं," सगुणा दबक्या आवाजात म्हणे. "कुणीतरी येतंय."

नवऱ्यानं एकदा डोक्याला हात लावला. "अगं, तू कोंबड्या सांभाळतेस, की त्या तिघींना?"

"मग कुणाचं ऐकू? तिघींचंही खरं वाटतं."

"ते मला काय विचारतेस? मला फक्त एवढं कळतं, की जत्रा जवळ आलीय आणि ओढ्याचं पाणी आटत चाललंय."

त्यानं बायकोच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. ती अर्धीच भरलेली होती.

एका सकाळी पांढरी उठलीच नाही. पिसं फुगवून, चोच उघडी टाकून ती कोपऱ्यात बसून राहिली. तिचे डोळे पाणावले होते. सगुणानं घाबरून हाक मारली, तशा तिघी बायका धावत आल्या.

"वारा लागला!" पाटलीणबाई म्हणाल्या. "कुणी सोडायला सांगितलं गोणपाट?"

"मी सांगितलं," कुंभारीणकाकी पदर खोचत म्हणाली. "तुमच्या गोणपाटानंच गुदमरलीय ती. माझी कोंबडी होती, म्हणून तुम्हाला काही वाटत नाही!"

"भांडू नका गं," गुरवाची आई म्हणाली. "जागा बदलायची राहिली असेल."

"बदलली हो आजी, रोज बदलली," सगुणा म्हणाली. ती या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. कुणाला होकार द्यावा तेच तिला कळेना. पाटलीणबाई बोलल्या, की त्यांचं पटे. काकी बोलली, की तिचं पटे. डोकं नुसतं भणभणत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "बायांनो, माझ्याकडे कुणीतरी बघा."

सगुणानं पाहिलं. खरं सांगायचं, तर इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच पाहिलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत खुराड्यात शिरली. आतून दार ओढून घेतलं.

बाहेर तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. "हिला काय झालं?" "उन्हानं फिरलं वाटतं डोकं." "अगं ए सगुणे, अंडी घालायची आहेत का तुला?"

हसू फुटलं. आत सगुणाला हसू येत नव्हतं. आधी तिचे डोळे चुरचुरले. मग नाकात झोंबलं. खालचं तूस ओलं, चिकट झालं होतं, त्यात कोंबड्यांची शीट साठली होती आणि त्याचा उग्र वास गोणपाटामुळे आतच कोंडला होता. खालच्या एका फटीतून मात्र वारा सुसाट येत होता आणि नेमका बसलेल्या काळीच्या छातीवर आदळत होता.

ती बाहेर आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं गोणपाट सोडून बाजूला टाकलं आणि नवऱ्याचा कोयता घेतला. छपराला लागून, कोंबड्यांच्या डोक्यांपेक्षा उंच अशा कामट्या तोडून टाकल्या. कोंडलेला वास तिथून निघून गेला. खालच्या फटी मात्र माती कालवून लिंपल्या. ओलं तूस उपसलं, कोरडं पसरलं. पाण्याचं मडकं घासून भरलं. आणि खुराडं जांभळाखाली होतं तिथंच ठेवलं.

"म्हणजे कुणाचा शब्द ठेवलास तू?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," सगुणा म्हणाली. आणि ते खरंच होतं. तळाला पाटलीणबाईंचं म्हणणं होतं, वर काकीचं, तुसात आजींचं. पण तिघींपैकी एकीलाही आपलं म्हणून त्यात काही ओळखू आलं नाही. तिघी तोंडं फिरवून निघून गेल्या.

सगुणाचं मन काही स्थिर झालं नाही. आपण शहाणपणा केला, की घात केला? ती पुनःपुन्हा उठून खुराड्यापाशी जाई. पण आता वाटेकडे बघायची नाही, आत बघायची. तूस ओलं दिसलं, की बदलायची. हळूहळू पांढरी दाणे टिपू लागली. कोंबडा पहाटेच आरवू लागला. काळी अंड्यांवरून फक्त दाणापाण्यापुरती उठे.

जत्रेच्या तोंडावर अंडी फुटली. बरीचशी आधीच गार होऊन वाया गेली होती. पिल्लं निघाली दोनच.

"एक पाटलीणबाईंना दे," नवरा म्हणाला. "विहीर त्यांच्या शब्दावर चालते. गुरवाच्या आईला कोण विचारतंय? ती म्हातारी काही बोलायची नाही."

"म्हणूनच तिला द्यायचं," सगुणा म्हणाली.

एक पिल्लू तिनं कुंभारीणकाकीला दिलं, एक गुरवाच्या आईला. मग रिकामी पाटी घेऊन ती पाटलांच्या दारात उभी राहिली.

"पाटलीणबाई, तुमचं पिल्लू नाही. मी सगळ्यांची मर्जी सांभाळत बसले आणि तेवढ्यात ते अंड्यातच मेलं. चूक माझी आहे. पुढच्या खेपेला आणून देईन."

रागवावं, की काय करावं, हे पाटलीणबाईंनाही कळत नव्हतं. मग त्यांनी आपल्या मोठ्या, चारी बाजूंनी लिंपलेल्या खुराड्याकडे पाहिलं.

"आत वाकलं, की माझेही डोळे चुरचुरतात गं," त्या हळूच म्हणाल्या. "दरवर्षी पिल्लं मरतात. पण सासूबाईंनी सांगितलं होतं, बंद ठेव. मी कधी विचारलंच नाही."

सगुणानं रिकामी पाटी खाली ठेवली.

"सकाळी घागर घेऊन विहिरीवर ये," पाटलीणबाई म्हणाल्या. "कुणी अडवलं, तर माझं नाव सांग. आणि पाणी भरून झालं, की तशीच कोयता घेऊन इकडे ये. वरच्या कामट्या कुठून तोडायच्या, ते मला दाखव."

तात्पर्य : ज्याचा जीव आपल्या हाती आहे, त्याच्याकडे न पाहता सांगणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलं, तर सगळ्यांचं ऐकूनही त्याचा घातच होतो.